नमुना जिथला, त्याचं उत्तरही तिथेच शोधू द्या

प्रति,
संसर्गजन्य रोग आणि रोगप्रतिकारशास्त्रातल्या आंतरराष्ट्रीय संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांचे विश्वस्त, निवड समित्यांचे सदस्य आणि बहुदेशीय प्रकल्पांचे प्रमुख संशोधक यांस,

सप्रेम नमस्कार.

रक्त नळीत आलं की आमचं घड्याळ सुरू होतं. साधारण आठ तासांच्या आत त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या असतात. उशीर झाला तर त्या थकतात, आणि थकलेल्या पेशीला पुढे चाचण्यांमधून काहीही विचारलं तरी उत्तराचा भरवसा धरता येत नाही. रक्त पातळ करून ते फायकॉल या दाट द्रावणाच्या थरावर नळीच्या कडेकडेने, अगदी हलक्या हाताने सोडायचं. हात थरथरला तर दोन्ही थर मिसळतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. मग सेंट्रीफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारं यंत्र, अर्धा तास, ब्रेक बंद ठेवून. ब्रेक लावला तर थांबतानाच्या हिसक्याने थर विस्कटतात, म्हणून यंत्र आपसूक थांबेपर्यंत झाकणाला कोणी हात लावत नाही. झाकण उघडलं की तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे एक धूसर, ढगाळ कडं दिसतं. टी पेशी, बी पेशी, मोनोसाइट, म्हणजे शरीराने आजवर कुठल्या जंतूंशी दोन हात केले त्याची सगळी आठवण, त्या कड्यात असते. ते पिपेटने उचलायचं, धुवायचं, पेशी मोजायच्या आणि गोठवायच्या.

हे काम मी गेली एकोणीस वर्षं करते आहे. या काळात माझ्या हातून हजारो कुप्या भरल्या गेल्या. त्यांतल्या फार थोड्या पेशींना मी स्वतः प्रश्न विचारू शकले. बाकीच्या मी वेगळ्या केल्या, गोठवल्या, खोक्यात भरल्या आणि पाठवल्या. प्रश्न दुसऱ्या कुणी, दुसऱ्या देशात विचारले. तुम्हाला हे पत्र लिहिण्याचं कारण एवढंच आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करते, मी आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या विरोधात नाही. या शास्त्राचं त्याच्याशिवाय पानही हलत नाही. देवीचा रोग गेला तो शीतयुद्धाच्या ऐन भरात. १९५८ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिक्टर झ्दानोव यांनी जागतिक आरोग्य सभेत देवी निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला. पुढे सोव्हिएत संघाने १४० कोटींहून अधिक डोस दिले, आणि १९६७ पासूनच्या नेटाच्या मोहिमेचं नेतृत्व डी. ए. हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरने केलं. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेली ही दोन राष्ट्रं होती. १९७७ साली सोमालियात नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि ८ मे १९८० ला जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. २००३ साली सार्स हा श्वसनाचा नवा रोग आला तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने ९ देशांतल्या ११ प्रयोगशाळांना एकत्र जोडलं. एरवी त्या एकमेकींशी स्पर्धा करत. त्या रोज एकमेकींशी बोलू लागल्या आणि महिन्याभरात नवा कोरोना विषाणू ओळखला गेला.

पण रोगप्रतिकारशास्त्राला सहकार्य लागतं त्याचं आणखी एक, आतलं कारण आहे, आणि निधीच्या बैठकांमध्ये त्यावर पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं. प्रतिकारशक्ती सगळीकडे सारखी नसते. बीसीजीचंच बघा. १९२१ पासून ही लस दिली जाते. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांवरच्या चाचणीत तिने क्षयापासून सुमारे ८० टक्के संरक्षण दिलं. दक्षिण भारतातल्या चिंगलपुट भागात १९६८ साली अडीच लाखांहून अधिक लोकांची प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली. तिथे फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण जवळपास शून्य निघालं. रोटाव्हायरसच्या लसीचीही तीच गत. एकाच लसीने तीव्र जुलाबांपासून पहिल्या हंगामात युरोपातल्या बाळांना ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलं, आणि आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या बाळांना पहिल्या वर्षात जेमतेम निम्मं.

असं का झालं? मातीतल्या आणि पाण्यातल्या, क्षयजंतूच्याच कुळातल्या पण निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांशी आधीच झालेली ओळख, आतड्यातले जंतू, आईच्या दुधातले प्रतिपिंड (अँटिबॉडी), कुपोषण, कृमी अशी अनेक कारणं पुढे आली आहेत आणि त्यांवर अजून वाद चालू आहेत. हा वाद मिटवायचा तर त्या मुलांच्या पेशी बघाव्या लागतील, त्यांच्या घरचं पाणी बघावं लागेल आणि तिथला आजार वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस टेबलाशी बसलेला असावा लागेल. खोक्यातून पेशी जातात. त्या मुलाला गेल्या महिन्यात दोनदा जुलाब झाले होते, त्याच्या वस्तीत पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, रक्त घेतलं त्या दिवशी त्याला कणकण होती, हे खोक्यातून जात नाही. फॉर्मवर त्याला रकानाच नसतो.

तान्ह्या बाळांच्या लसीकरणाचा एक प्रकल्प होता. त्याची गोष्ट मला सांगायलाच हवी.

दर बाळाकडून दोन-तीन मिलिलिटर रक्त मिळायचं. एवढ्याशा रक्तातून पेशी काढणं म्हणजे कस लागतो. आम्ही दोघीजणी पाळीपाळीने थांबायचो, कारण लसीकरणाचं केंद्र दुपारी उरकायचं आणि नमुने संध्याकाळी यायचे. पेशी गोठवताना डीएमएसओ नावाचं रसायन घालतात. ते नसेल तर बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. असेल, तर खोलीच्या तापमानाला तेच पेशींना विष ठरतं. म्हणून ते घातल्यावर हात भराभर चालवावे लागतात. मग मिनिटाला एक अंश या गतीने थंड करत कुप्या उणे ८० पर्यंत न्यायच्या, आणि तिथून द्रव नायट्रोजनच्या टाकीत. अशा चारशेच्या आसपास कुप्या दीड वर्षात जमल्या. करारानुसार सगळ्यांचं विश्लेषण परदेशातल्या भागीदार प्रयोगशाळेत व्हायचं होतं. आमच्याकडे ना तसा फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणारं यंत्र, होता, ना त्यासाठी निधीत तरतूद.

कुप्या ड्राय शिपर नावाच्या अतिथंड खोक्यात भरल्या. शिपर साधारण दहा दिवस आपली थंडी धरून ठेवतो. निर्यात परवान्यावर नमुन्याचं वर्णन एका शब्दात होतं आणि वाहतुकीच्या कागदावर जरा वेगळ्या शब्दात. दोन्ही बरोबरच होते, पण एकसारखे नव्हते. त्या फरकावर खोकं एका विमानतळाच्या गोदामात अडकलं. मी फोन केले, पत्रं पाठवली, भागीदारांनीही केली. मधे सुट्ट्या आल्या. तेराव्या दिवशी खोकं सुटलं. तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा आलेख पुढे ईमेलने आला. अकराव्या दिवसापर्यंत रेघ तळाशी सपाट होती आणि तिथून ती वर चढत गेली होती. त्याखाली एका ओळीत लिहिलं होतं की पेशी वापरण्याजोग्या राहिलेल्या नाहीत.

त्या आलेखाचा कागद अजून माझ्या खणात आहे. दोष मी कुणा एकाला देत नाही. गोदामातल्या माणसाने त्याचा नियम पाळला, भागीदारांनी मनापासून धावपळ केली. पण मुळात त्या पेशी विमानात बसल्याच का? आमच्या इमारतीपासून चार पावलांवर, रक्त घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या ताज्या असतानाच जे कळलं असतं, ते जाणून घ्यायला आम्ही अर्धं जग का ओलांडत होतो? पुढे एका बाळाची आई तपासणीला आली आणि तिने सरळ विचारलं, "माझ्या लेकराच्या रक्तातून काय समजलं?" मी तिला खरं ते सांगितलं. ती रागावली नाही. तिने बाळाचं टोपडं नीट केलं आणि पुढची तारीख विचारून घेतली. ती पुन्हा आली, याची मला आजही लाज आणि कृतज्ञता दोन्ही वाटते.

माझा अनुभव लहान आहे. पण याच वाटेवरचा एक मोठा माणूस तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

१९७६ साली काँगोतल्या, तेव्हाच्या झाईरमधल्या, यांबुकू गावी माणसं अनोळखी तापाने मरत होती. जाँ-जाक मुयेंबे हे तरुण डॉक्टर तिथे पोचले. त्यांच्याकडे हातमोजे नव्हते. रक्त घेऊन सुई काढली की टोचलेल्या जागेतून रक्त वाहतच राहतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. बोटं रक्ताने माखली होती, ती त्यांनी साबणाने धुतली. तिथल्या एका आजारी बेल्जियन ननला ते सोबत राजधानी किन्शासाला घेऊन आले. तिचं रक्त एका साध्या थर्मासमधून प्रवासी विमानाने बेल्जियममधल्या अँटवर्पला गेलं. वाटेत एक कुपी फुटली, दुसरी शाबूत राहिली. पुढे त्या विषाणूला इबोला हे नाव मिळालं. त्या साथीत ३१८ लोकांना लागण झाली आणि २८० दगावले. शोधाच्या कहाण्या लिहिल्या गेल्या तेव्हा बरीच वर्षं मुयेंबेंचं नाव फार तर तळटीपेत यायचं.

मुयेंबे काम सोडून गेले नाहीत. १९९५ साली काँगोतल्याच किक्विट शहरात पुन्हा इबोला आला तेव्हा त्यांनी बऱ्या झालेल्यांचं रक्त ८ रुग्णांना दिलं. त्यांतले ७ वाचले. ८ ही संख्या छोटी आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे शास्त्रज्ञांनी शंका घेतली. ती रास्तच होती. पण बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात काहीतरी आहे, हा प्रश्न तिथल्या खाटांशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला पडला होता. २००६ साली, म्हणजे आजारानंतर ११ वर्षांनी, किक्विटमधून वाचलेल्या एका माणसाचं रक्त घेण्यात आलं. त्याच्या स्मृती बी पेशींमधून एक प्रतिपिंड वेगळा काढला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या बेलिनझोना इथल्या प्रयोगशाळांनी. ११ वर्षांनंतरही त्या माणसाच्या शरीराने ती ओळख जपून ठेवली होती! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून उभी राहिले होते.

या प्रतिपिंडाची खरी परीक्षा २०१८-१९ मध्ये काँगोतच झाली. चालू साथीत, सशस्त्र टोळ्यांच्या धुमश्चक्रीत, चार उपचार केंद्रांमध्ये चार औषधांची चाचणी घेतली गेली आणि ६८१ रुग्ण त्यात सहभागी झाले. किन्शासाची मुयेंबेंची संस्था या चाचणीत बरोबरीची भागीदार होती. तोवर सर्वांत आशादायक मानलेल्या झीमॅप औषधाच्या गटात जवळपास निम्मे रुग्ण दगावले, तर किक्विटच्या त्या माणसापासून मिळालेल्या प्रतिपिंडाच्या गटात सुमारे ३५ टक्के. दुसऱ्या एका प्रतिपिंड मिश्रणाने त्याहून किंचित कमी मृत्यू दाखवले. २०२० संपेपर्यंत दोन्ही औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या रोगावर औषधच नव्हतं, त्यावर आता दोन होती.

या गोष्टीत एकही देश एकट्याने काही करू शकला नसता, हे मी मान्य करते. बेलिनझोनाचं कौशल्य नसतं तर तो प्रतिपिंड सापडला नसता. पण हा प्रवास १९७६ पासून २०२० पर्यंत चालला. किन्शासात १९७६ सालीच निदानाची, १९९५ सालीच पेशी वेगळ्या करून अभ्यासण्याची सोय असती, तर यातली किती वर्षं वाचली असती आणि त्या वर्षांतली किती माणसं, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. २०१९ मध्ये मुयेंबेंनी ठरवलं की इबोलाचे नमुने यापुढे काँगोतच राहतील, ज्याला अभ्यास करायचा त्याने इथे यावं. तेव्हा काही जणांनी नाकं मुरडली. मला तो निर्णय चाळीस वर्षं आधी व्हायला हवा होता असं वाटतं.

२०१४ साली सिएरा लिओनमधल्या केनेमातही हेच दिसलं. तिथल्या सरकारी रुग्णालयातल्या ७८ रुग्णांच्या नमुन्यांवरून इबोलाचे ९९ जीनोम, म्हणजे विषाणूचे जनुकीय आराखडे, वाचले गेले आणि ते लगोलग जगासाठी खुले केले गेले. शोधनिबंध छापून येईपर्यंत त्याचे ५ सहलेखक इबोलानेच गेले होते. डॉ. शेख हुमार खान त्यांतले एक. सहकार्यात जोखीम कोण उचलतं, हे ती लेखकांची यादी वाचताना कळतं.

विश्वास तुटला की काय होतं, हेही जगाने बघितलं आहे. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं. त्यांनी दिलेल्या विषाणूवरून परदेशी कंपनी लस तयार करत होती, आणि ती लस त्यांच्या लोकांना परवडेल किंवा मिळेल याची कुणीच हमी देत नव्हतं. आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांच्यावर तेव्हा सडकून टीका झाली. नमुने अडवून धरणं धोक्याचं होतं, मलाही तसंच वाटतं. पण त्यांची तक्रार खोटी नव्हती. वाटाघाटींना चार वर्षं लागली आणि २०११ मध्ये इन्फ्लुएंझाच्या नमुन्यांसाठी जागतिक चौकट तयार झाली. तिच्यानुसार नमुने गोळा करणाऱ्या प्रयोगशाळांच्या जागतिक जाळ्याचा फायदा घेणाऱ्या कंपन्या मिळून वर्षाला २ कोटी ८० लाख डॉलर देतात. २० मे २०२५ ला जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार संमत केला. त्यातही सगळ्यात अवघड गाठ हीच निघाली. जंतूंचे नमुने आणि त्यांची जनुकीय माहिती कशी द्यायची, आणि त्यातून येणाऱ्या लसी-औषधांत वाटा कसा मिळायचा, हे परिशिष्टासाठी मागे ठेवावं लागलं.

या कराराला माझा पाठिंबा आहे. साथीच्या काळात उत्पादनाचा २० टक्के हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती यावा, हे लक्ष्य योग्यच आहे. पण त्या सगळ्या चर्चेत वाटा म्हणजे डोस, एवढंच धरलेलं दिसतं. डोस साथ आल्यावर मिळतो. पेशींना प्रश्न विचारण्याचं कसब साथीच्या आधीच हातात असावं लागतं, आणि ते खोक्यातून येत नाही.

कसब हाताशी असलं की काय होतं, याचं उदाहरण ताजं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोरोना विषाणूचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार ओळखला. नमुने कुठेही पाठवले नाहीत, त्यांतली जनुकं तिथेच वाचली आणि काही दिवसांत जगाला सांगितलं. २६ नोव्हेंबरला त्याला नाव मिळालं. त्याच सुमारास अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेची विमानं बंद केली. चाचण्यांची रसायनं त्याच विमानांनी येत असत, त्यामुळे ज्यांनी जगाला सावध केलं त्यांच्याच प्रयोगशाळेत रसायनांचा तुटवडा पडण्याची वेळ आली. पुढच्या वेळी कुणी लवकर सांगावं, असं वाटत असेल तर संशोधनाचा पुरवठा प्रवासबंदीतून वगळण्याची तरतूद तुमच्या सरकारांकडून करून घ्या. तुमचं म्हणणं ते ऐकतात.

प्रश्न आधी विचारला तर काम किती सरळ होतं, हे आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या लसीने दाखवलं. २००१ साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पात आधी आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांनाच विचारलं गेलं की तुम्हाला कशी लस हवी. त्यांनी सांगितलं, डोस ५० सेंटच्या आतला हवा, नाहीतर आम्हाला तिचा उपयोग नाही. मग सगळी आखणी त्या आकड्याभोवती झाली. तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांकडून आलं, कच्चा माल सुरुवातीला नेदरलँड्समधून आणि लस बनवली भारतातल्या सीरम इन्स्टिट्यूटने. पहिली चाचणी भारतात झाली, आणि पुढच्या मोठ्या चाचण्या ज्या देशांत रोग होता तिथेही झाल्या. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. आजवर ३० कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आहे, आणि त्या देशांतून ए गटाच्या जिवाणूचा मेंदूज्वर जवळजवळ नाहीसा झाला आहे. आमच्याकडे प्रकल्प येतो तेव्हा त्यातला प्रश्न मात्र ठरूनच आलेला असतो. आमच्याकडून 'रुग्ण किती मिळतील' एवढंच हवं असतं.

आता तुमचा आक्षेप. तो मी अनेकदा ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. पेशींवरच्या चाचण्या नाजूक असतात. एकाच माणसाच्या पेशी दोन प्रयोगशाळांत दिल्या तर एलिस्पॉट या चाचणीत दिसणारे ठिपके वेगवेगळे येऊ शकतात. रसायन वेगळं, सीरम वेगळं, ठिपके मोजणारा डोळा वेगळा. दहा देशांतल्या चाचणीचे निकाल एकत्र तोलायचे तर सगळ्या पेशी एकाच हाताखालून जाव्यात, असं तुम्ही म्हणता. शास्त्र म्हणून मला हे समजतं. पण यावरचा उपायही आपल्याच क्षेत्रात तयार आहे. एचआयव्ही लसीच्या चाचण्यांसाठी केप टाउनमध्ये प्रयोगशाळा उभी राहिली, सगळ्यांसाठी एकच कार्यपद्धती ठरली, आणि एकाच साठ्यातल्या पेशी वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवून निकाल जुळतात का हे वेळोवेळी तपासण्याची पद्धत बसली. यात काही वर्षं जातात आणि पैसा लागतो. विश्लेषण एकाच केंद्रात ठेवलं की तो पैसा वाचतो, हे खरं आहे. पण दर प्रकल्पागणिक तो वाचतच राहतो आणि वीस वर्षांनीही आम्ही खोकीच भरत असतो.

यंत्र देतानाही एक चूक वारंवार होते. प्रकल्पाच्या पहिल्या वर्षी फ्लो सायटोमीटर येतो, उद्घाटनाचे फोटो निघतात. देखभालीचा करार मात्र प्रकल्पाच्या मुदतीपुरताच असतो. चौथ्या वर्षी लेझर जातो. तो बदलायला येणाऱ्या अभियंत्याचं विमानभाडं कुठल्या शीर्षाखाली टाकायचं, ते कुणालाच सांगता येत नाही. मग यंत्रावर कापड पडतं. मी असं एक झाकलेलं यंत्र रोज बघते. शेजारच्या खोलीत ते चालवायला शिकलेला मुलगा बसायचा. प्रकल्प संपला, पगार थांबला, आता तो औषधविक्रीच्या कंपनीत आहे. त्याचं चुकलं असं मी म्हणूच शकत नाही. टी पेशींना लावलेले रंग एकमेकांत सांडू नयेत म्हणून यंत्र कसं जुळवायचं हे त्याला आमच्या सगळ्यांत उत्तम जमायचं. अशा हाताला तयार व्हायला पाच वर्षं लागतात. आम्ही ती पाच वर्षं घालवली आणि मग त्याला जाऊ दिलं.

आणि २०२५ ने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. जानेवारीत अमेरिकेच्या विकासमदत संस्थेचं (यूएसएड) काम एका आदेशासरशी थांबलं. चालू चाचण्या मधेच तुटल्या. प्रयोगातलं औषध किंवा साधन शरीरात असलेल्या सहभागींची देखरेख करायलासुद्धा संशोधकांना कामावर यायची परवानगी नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या पुढाकाराने अनेक आफ्रिकी देशांत उभा राहत असलेला एचआयव्ही लसीचा ब्रिलियंट प्रकल्प ऐन सुरुवातीला थांबला. १ मे रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी भागीदारांना दिली जाणारी उपअनुदानं नवी रचना होईपर्यंत रोखत असल्याचं जाहीर केलं. एखाद्या देशाने आपला पैसा कुठे खर्चायचा हे ठरवण्याचा त्याला हक्क आहे. पण ज्या माणसाने संमतीपत्रावर सही केली, त्याला आपण 'कधीही बाहेर पडा, तुमची काळजी आम्ही घेऊ' असं सांगितलेलं असतं. ते वचन निधी देणाऱ्याच्या वतीनेही दिलेलं असतं. म्हणून प्रत्येक मानवी चाचणीच्या अनुदानातली काही रक्कम पहिल्याच दिवशी स्थानिक संस्थेच्या नावे वेगळी ठेवा. उद्या सगळं थांबलं तरी सहभागींची शेवटची तपासणी, औषध बंद करताना लागणारी देखरेख आणि नायट्रोजनच्या टाक्या निदान वर्षभर भरत्या ठेवणं, एवढं तिच्यातून व्हावं. टाकी आठवडाभर भरली नाही की धोका सुरू होतो. दहा वर्षांचे नमुने एका महिन्यात जाऊ शकतात, आणि ते पुन्हा गोळा करता येत नाहीत. बाळ एकदाच सहा आठवड्यांचं असतं.

बाकी मागण्या थोड्या आहेत आणि त्या तुम्हाला नव्या नाहीत. प्रश्न ठरवण्याच्या बैठकीला, म्हणजे अर्ज लिहिण्याच्या आधी, नमुने जिथून येणार तिथले संशोधक हजर असू द्या, आणि त्या तयारीच्या काळाचाही पैसा द्या. फुकट वेळ देणं मोठ्या विद्यापीठांनाच परवडतं. यंत्रासोबत दहा वर्षांची देखभाल आणि चालवणाऱ्याचा पगार धरा, त्यासाठी यंत्रं कमी द्यावी लागली तरी चालतील. शिकायला माणसं न्या, जरूर न्या, मी स्वतः अशा शिष्यवृत्तीवर शिकले आणि ज्यांनी शिकवलं त्यांना मी आयुष्यभर विसरणार नाही. पण परत आल्यावर त्यांना बसायला टेबल आणि पहिल्या तीन वर्षांचा निधी असेल, याची सोय जातानाच करा. नमुना परदेशी जाणारच असेल तर तो कशासाठी, किती काळ, आणि उरलेला परत कसा येणार, हे रक्त देणाऱ्याच्या भाषेत संमतीपत्रावर असू द्या.

आणि एक अगदी छोटी गोष्ट, ती तुम्ही पुढच्याच फेरीत करू शकता. तुमच्या बहुतेक अर्जांमध्ये नमुन्यांच्या वाहतुकीचा तपशील मागणारा रकाना असतो. कुठून, कुठे, किती, कोणत्या तापमानाला. मी तो पन्नासएक वेळा भरला असेल. त्याच्या आधी एक रकाना घाला: 'हे विश्लेषण नमुना घेतला तिथेच का होऊ शकत नाही, आणि ते होण्यासाठी या प्रकल्पातून काय उभं राहील?' त्याला गुण ठेवा, आणि उत्तर कोरं असेल तर अर्ज परत पाठवा. पहिल्या वर्षी कदाचित सगळेजण तीच ती वाक्यं लिहितील. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुख्य संशोधक आम्हाला फोन करून विचारतील की तुमच्याकडे नक्की काय हवं आहे. त्या फोनला द्यायचं उत्तर आमच्याकडे तयार आहे. आमची यादी लिहून झालेली आहे.

आपली,
रक्तपेशी वेगळ्या करणारी, आणि त्यांना प्रश्न विचारू पाहणारी एक संशोधक